मासळीचे सरकारी घाऊक भाव : वाचावेत कसे, नोंदवावेत कसे

मासळीच्या धंद्यात नव्याने उतरलेल्या माणसाची सरकारी भावाशी गाठ बहुधा दोन प्रसंगी पडते. पहिला प्रसंग दलालाने हातात ठेवलेली पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, योग्य आहे की नाही असा संशय मनात आला म्हणजे येतो. दुसरा येतो तो बँकेत किंवा एखाद्या सरकारी कार्यालयात, जेव्हा समोरचा अधिकारी विचारतो, "तुमचा माल या भावाने गेला याला पुरावा काय?" दोन्ही वेळा माणूस मोबाइल उघडून भाव शोधू लागतो, त्याला एक आकडा सापडतो, आणि तो आकडा त्याच्या बंदरावरच्या भावाशी काही केल्या जुळत नाही. मग एकतर सरकारी आकडे खोटे आहेत असे तो ठरवतो, नाहीतर आपल्याला लुटले असे धरून चालतो. माझ्या अनुभवात हे दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे निघतात. आकडा खरा असतो. तो कोणत्या माशाचा, कोणत्या आकाराचा, कोणत्या मापाचा आणि विक्रीच्या कोणत्या टप्प्यावरचा आहे, एवढे पाहायचे राहून गेलेले असते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेत मी बरीच वर्षे भावांची वही लिहिली आहे. संस्थेत नव्याने लागलेले चिटणीस, बापाची होडी हाती घेतलेली मुले, शेततळ्यात मासे सोडणारे शेतकरी आणि शहरात मासळीचे दुकान काढू पाहणारी तरुण मंडळी, या सर्वांना उपयोग व्हावा म्हणून हे मार्गदर्शन क्रमाने लिहीत आहे.

पहिली पायरी : भाव जिथे जन्मतो ती जागा पाहा

पडद्यावरचा आकडा वाचण्याआधी एकदा तरी बंदरावर उभे राहा. हर्णैला दुपार कलली की होड्या किनाऱ्याजवळ येऊन नांगर टाकतात, माल लहान होडीतून आणि बैलगाडीतून ओल्या वाळूवर येतो, आणि पाट्या ओळीने मांडल्या जातात. बोली पुकारणारा एका पाटीपाशी थांबतो, वरचे दोन मासे उलटे करून कल्ले दाखवतो आणि आकडा फेकतो. घेणाऱ्यांपैकी कुणी मान हलवतो, कुणी बोट वर करतो. मिनिटाभरात पाटी जाते आणि घोळका पुढच्या पाटीकडे सरकतो. मुंबईत ससून डॉकला हेच पहाटेच्या अंधारात दिव्याखाली चालते. १८७५ साली बांधलेली ती गोदी आजही राज्यातल्या मोठ्या घाऊक बाजारांपैकी एक आहे.

या देखाव्यातली जी गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही ती ही, की बोली बहुतेक वेळा पाटीवर, टबावर किंवा ढिगावर लागते, किलोवर नव्हे. सरकारी नोंदीत मात्र किलो किंवा क्विंटल असतो. म्हणजे मधे कुणीतरी पाटीचे किलो केलेले असतात, आणि ते कसे केले यावर भाव फिरतो. उदाहरणादाखल, मासळीचा एक टब ६,००० रुपयांना गेला असे समजा. भरलेल्या टबाचे वजन ३२ किलो, रिकाम्या टबाचे २ किलो आणि आतल्या बर्फाचे ५ किलो. अंगावरच्या घाईत कुणी ६,००० ला ३२ ने भागले तर भाव निघतो १८७ रुपये ५० पैसे. टब वजा केला तर २००. बर्फही वजा केला तर खरी मासळी २५ किलो आणि भाव २४० रुपये. मासा तोच, लिलाव तोच, आणि तीन माणसांच्या वहीत तीन भाव. म्हणून ज्यांच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहायचा, त्यांनी बर्फ वजा केला आहे का, हे पहिल्यांदा विचारावे.

दुसरी गोष्ट बोलीच्या मोकळेपणाची. डिझेल, बर्फ आणि जाळ्यांसाठी ज्या व्यापाऱ्याकडून मालकाने उचल घेतलेली असते, त्यालाच पुष्कळदा माल द्यावा लागतो, आणि तो भाव उघड्या लिलावापेक्षा कमी असतो. असा भाव सरकारी नोंदीत आला तर तो बाजारभाव नव्हे. त्यात उचलीचे व्याजही दडलेले आहे. आपण स्वतः नोंद ठेवणार असाल तर अशा विक्रीपुढे वहीत एक खूण करून ठेवा.

दुसरी पायरी : कोणते सरकारी खाते कोणता भाव सांगते, ते ओळखा

शेतमालाप्रमाणे मासळीचा भाव एकाच खिडकीत मिळत नाही. चार-पाच ठिकाणी तो वेगवेगळ्या हेतूने गोळा होतो, आणि हेतू वेगळा म्हणजे आकडाही वेगळा.

रोजच्या व्यवहाराला सर्वांत जवळची नोंद राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची आहे. २००६ साली स्थापन झालेल्या आणि हैदराबादला मुख्यालय असलेल्या या मंडळाने मासळीच्या बाजारभावांसाठी एक स्वतंत्र प्रणाली उभी केली आहे. तिचे इंग्रजी नाव फिश मार्केट प्राइस इन्फर्मेशन सिस्टिम, आणि लघुरूप एफएमपीआयएस. निरनिराळ्या राज्यांतल्या बाजारांतले घाऊक आणि किरकोळ असे दोन्ही भाव तेथे जातीनिहाय मिळतात. नवख्याची पहिली चूक इथेच होते. घाईत तो किरकोळ भावाचा रकाना पाहतो आणि बंदरावर जाऊन तो मागतो. रकान्याचे नाव प्रत्येक वेळी वाचावे, आणि आकड्यापुढची तारीखही वाचावी, कारण एखाद्या बाजाराची शेवटची नोंद जुनी असू शकते.

दुसरी नोंद ॲगमार्कनेटची. केंद्राच्या विपणन व निरीक्षण संचालनालयाने २००० साली सुरू केलेले हे जाळे मुख्यतः धान्य, भाजी आणि फळांचे आहे, पण काही बाजारांची मासळीही त्यात असते. दर क्विंटलमागे दिलेला असतो, तेव्हा शंभराने भागायला विसरू नये. आपल्या राज्याच्या कृषी पणन मंडळाचे दरपत्रक पाहण्याची ज्यांना सवय आहे त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल : आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर.

तिसरी नोंद कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेची, म्हणजे सीएमएफआरआयची. १९४७ सालापासूनची ही संस्था देशभरच्या बंदरांवर आपले नोंदणीदार पाठवते. प्रत्येक बंदरावर रोज माणूस बसवणे शक्य नसल्याने नमुना पद्धतीने बंदर आणि दिवस निवडले जातात. त्या दिवशी आलेल्या होड्या थोड्या असतील तर सगळ्यांची, पुष्कळ असतील तर त्यातल्या निवडक होड्यांची पकड लिहिली जाते, आणि त्यावरून महिन्याचा व वर्षाचा अंदाज बांधला जातो. २०२२ साली देशात समुद्रातून सुमारे ३४.९ लाख टन मासळी आली, हा आकडा याच पद्धतीने निघालेला आहे. संस्था मासळीचे मूल्य दोन ठिकाणी धरते : बंदरावर उतरतानाचे आणि किरकोळ बाजारातले. आजचा भाव येथे शोधू नये. पण एखाद्या जातीचे मोल वर्षागणिक कुठे चालले आहे, हे पाहायला यासारखे साधन नाही.

चौथी नोंद आपल्या राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची. विभागाचा मत्स्योत्पादन अहवाल दरवर्षी निघतो आणि त्यात जिल्हानिहाय, जातीनिहाय उत्पादन व मूल्य असते. त्याचे वर्ष एप्रिल ते मार्च असे चालते, तर सीएमएफआरआयचे जानेवारी ते डिसेंबर. या दोहोंचे आकडे समोरासमोर ठेवून "सरकारच्याच दोन खात्यांत मेळ नाही" अशी तक्रार करणारे मी पाहिले आहेत; आधी वर्षाची हद्द तरी जुळवून घ्यावी.

याखेरीज दर महिन्याच्या १४ तारखेच्या सुमारास जाहीर होणारा घाऊक किंमत निर्देशांक असतो. २०११-१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत अंडी, मांस आणि मासळी यांच्या गटाला शंभरात २.४० इतके वजन आहे. निर्देशांक म्हणजे भाव नव्हे. पायाभूत वर्षीची किंमत शंभर धरली तर आजची किती, एवढेच तो सांगतो. होडीवाल्याला त्याचा रोजचा उपयोग नाही. कर्जाच्या प्रकल्प अहवालात भाववाढीचा आधार म्हणून मात्र तो चालतो.

तिसरी पायरी : माशाचे नाव आणि आकार पक्का करा

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगतो, कारण निम्म्याहून अधिक घोटाळे इथेच होतात.

सरकारी यादी बहुधा इंग्रजी नावांची असते, आणि आपल्या किनाऱ्यावर दर वीस मैलांनी मासा नाव बदलतो. मुंबईची सुरमई मालवण-गोव्याकडे इसवण होते. यादीत ती सीअर फिश म्हणून सापडते. बांगडा इंडियन मॅकरेल, तारली ऑइल सार्डिन, रावस इंडियन सॅल्मन, बोंबील बॉम्बे डक, मांदेली गोल्डन अँकोव्ही, राणीमासा थ्रेडफिन ब्रीम. मोरी आणि मुशी ही दोन्ही नावे शार्कचीच. पापलेटाची गंमत आणखी वेगळी आहे. इंग्रजीत आपल्या हलव्याला ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणतात, पण तो पापलेटाच्या कुळातला नव्हे. त्याची चव, त्याची पकड आणि त्याचा भाव सर्वस्वी निराळा. २०२३ साली राज्यमासा म्हणून जाहीर झालेले ते रुपेरी पापलेट, म्हणजे सिल्व्हर पॉम्फ्रेट.

याचा धडा मला एका तक्त्याने दिला. एका कार्यालयाकडून आमच्या संस्थेला दरमहा भरायला एक छापील तक्ता येत असे, आणि त्यात पॉम्फ्रेट या नावाचा एकच रकाना होता. मी सुरुवातीचे काही महिने पापलेट आणि हलवा यांच्या भावांची सरासरी काढून त्या रकान्यात लिहीत गेलो. ज्या महिन्यात हलवा भरपूर लागला त्या महिन्यात आमच्या बंदरावर "पॉम्फ्रेट"चा भाव कागदावर कोसळला, आणि पापलेटाचा भाव मात्र प्रत्यक्षात चढलेला होता. त्यानंतर मी रकान्याखाली हाताने दुसरी ओळ आखून हलवा वेगळा लिहू लागलो. तक्ता तुमच्याकडे येत असेल तर त्यात नसलेली ओळ आखायला कचरू नका. छापील चौकटीपेक्षा खरा आकडा महत्त्वाचा आहे.

आकाराचेही तसेच. पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजाराचे भाव मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापून येतात. ते एकदा लक्षपूर्वक वाचा. तेथे पापलेट या एका नावाखाली कापरी, मोठे, मध्यम, लहान आणि भिला असे वेगवेगळे भाव असतात. खोल समुद्राची, खाडीची आणि नदीची मासळी वेगळी मांडलेली असते. कोळंबी लहान-मोठी अशी विभागलेली असते आणि सोललेल्या करंदीचा, म्हणजे बारीक कोळंबीचा, भाव निराळा असतो. ज्याने ही मांडणी बसवली त्याला बाजार कळत होता. पालघरकडे सातपाटीच्या परिसरात तर पापलेटाची वजनानुसार प्रतवारी होऊन प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दर मिळतो, आणि मोठ्या पापलेटाला सरगा हे वेगळे नावच आहे. अशा मालाचा "पापलेट, अमुक रुपये किलो" एवढाच भाव कुणी सांगितला तर तो अर्धवट समजावा.

कोळंबीच्या बाबतीत काउंट हा शब्द नीट समजून घ्यावा. तलावाच्या काठावर ३० काउंट म्हणजे किलोमागे ३० नग, तेव्हा एक नग सुमारे ३३ ग्रॅमचा. निर्यातीच्या कागदांत मात्र काउंट पुष्कळदा पौंडावर असतो. ४५४ ग्रॅमांत ३० नग म्हणजे एक नग जेमतेम १५ ग्रॅमचा. दोन्हीकडे आकडा ३०, पण माल अर्ध्या वजनाचा. निर्यातीचे भाव पाहून आपल्या तलावाचा हिशेब मांडणाऱ्याने हे ध्यानात ठेवले नाही तर संपूर्ण हंगामाचा अंदाज चुकतो.

चौथी पायरी : कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण

तीन आकड्यांपैकी जास्तीत जास्त दराकडे नजर आधी जाते, आणि तोच सर्वांत फसवा. एका पहाटे सुरमईचे चार व्यवहार झाले असे धरू : २०० किलो ५२० रुपयांनी, ६० किलो ६४० ने, २० किलो ७८० ने आणि ४० किलो ४०० ने. चार भावांची नुसती बेरीज करून चाराने भागले तर ५८५ रुपये येतात. पण माल आणि भाव यांचा गुणाकार करून एकूण ३२० किलोंनी भागले तर विक्री १,७४,००० रुपये आणि सरासरी सुमारे ५४४ रुपये निघते. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या दराने सर्वांत जास्त माल गेला तो. येथे तो ५२० आहे. ७८० चा भाव खरा आहे, तो कुणाला तरी मिळाला आहे, पण तो अवघ्या २० किलोंना मिळाला आणि ते मासे बहुधा सर्वांत मोठे व ताजे असणार.

म्हणून दरपत्रक वाचताना सर्वसाधारण दर आधी पाहावा, मग आवक, आणि शेवटी किमान-कमाल. किमान आणि कमाल यांतले अंतर खूप मोठे दिसले तर समजावे, की त्या नावाखाली दोन-तीन प्रतींचा माल एकत्र केलेला आहे. आवक अगदी थोडी असेल तर त्या दिवसाच्या भावावर कोणताही निर्णय घेऊ नये.

पाचवी पायरी : टप्पा ओळखून खर्च वजा करा

शहरातल्या घाऊक बाजाराचा भाव आणि तुमच्या बंदराचा भाव यांत फरक असणारच, आणि तो असण्यात अन्याय नाही. बर्फ, टेम्पो, हमाली, अडत, वाटेत होणारी घट आणि न विकला गेलेला माल, हे सारे त्या फरकात बसते. आपल्या बंदरापासून त्या बाजारापर्यंतचा किलोमागचा खर्च एकदा नीट विचारून कागदावर मांडा, तो शहराच्या घाऊक भावातून वजा करा, आणि मग उरलेल्या आकड्याशी आपली पट्टी ताडून पाहा. अशी तुलना दलालासमोर शांतपणे ठेवता येते. नुसता मोबाइलवरचा भाव नाचवला तर तो दोन वाक्यांत ती गोष्ट उडवून लावतो, आणि त्याचे म्हणणे पुष्कळदा बरोबरही असते.

सहावी पायरी : दिवस आणि तिथी जुळवा

भाजीचा भाव मागच्या आठवड्याशी ताडला तर चालते. मासळीचा ताडताना पंचांग उघडावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. या काळात दरपत्रकात सुरमई-पापलेट दिसले तर तो माल आपल्या समुद्रातला ताजा नव्हे. तो शीतगृहातला किंवा पूर्व किनाऱ्याचा असतो. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असल्यामुळे जूनच्या उत्तरार्धात तिकडचा माल इकडे येऊ लागतो. बिगर यांत्रिक होड्यांना बंदी नसल्याने खाडीची मासळी थोडीफार चालू राहते, पण तिच्या भावावरून खोल समुद्राच्या मासळीचा अंदाज बांधू नये.

नारळी पौर्णिमेनंतर हंगाम खऱ्या अर्थाने उघडतो, त्याच वेळी श्रावणामुळे गिऱ्हाईक कमी असते. इथे मागच्या वर्षीच्या त्याच इंग्रजी महिन्याशी तुलना केली तर फसगत होते. २०२३ साली अधिक श्रावण आला, आणि निज श्रावण १७ ऑगस्टला सुरू झाला; २०२४ साली श्रावण ५ ऑगस्टपासूनच लागला. दोन्ही वर्षांच्या ऑगस्टचे भाव शेजारी ठेवून मागणी घटली की वाढली हे सांगणे म्हणजे दोन वेगळ्या ऋतूंची तुलना करणे होय. गटारीचा आठवडा, नवरात्र आणि मार्गशीर्षातले गुरुवार यांचेही असेच. आठवड्याच्या आतही रविवार-बुधवारचा भाव आणि सोमवार-गुरुवारचा भाव वेगळा असतो, हे कोणतीही कोळीण तोंडावर सांगेल. सरकारी तक्त्यात मात्र ते लिहिलेले नसते.

डोल जाळ्याच्या, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, मासळीला याहून बारीक नियम लागू आहे. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही मासळी भरती-ओहोटीच्या ओढीवर जाळ्यात येते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पकड चांगली; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, कमी. म्हणून बोंबलाच्या भावाची तुलना उधाणाची उधाणाशी आणि भांगाची भांगाशी करावी. माझ्या वहीत तारखेशेजारी तिथीचा रकाना मी याच कारणासाठी आखला होता, आणि आमच्या तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, तारखेपेक्षा तोच रकाना जास्त कळत असे.

सातवी पायरी : स्वतःची नोंद ठेवा आणि ती पुढे द्या

आपल्याकडे बंदरावरचा भाव सरकारपर्यंत पोचतो तो बहुतांशी विचारून. नोंदणीदार येतो, बोली ऐकतो, व्यापाऱ्याला विचारतो आणि लिहितो. युरोपीय संघात व्यवस्था उलटी आहे. तेथे २००९ च्या नियमानुसार पहिल्या विक्रीची नोंद पाठवणे ही नोंदणीकृत खरेदीदाराची कायदेशीर जबाबदारी आहे; मूळ नियमात ती ४८ तासांच्या आत, आणि ज्याची वार्षिक उलाढाल २ लाख युरो किंवा त्याहून जास्त त्याने २४ तासांच्या आत संगणकावरून पाठवावी, असे होते. टोकियोत २०१८ पासून तोयोसू येथे चालणाऱ्या मध्यवर्ती बाजाराच्या दैनिक पत्रकात तर किती माल लिलावाने गेला आणि किती आपसांतल्या सौद्याने, हेही वेगळे दाखवतात. आपल्याकडे खरेदीदारावर अशी सक्ती येईल तेव्हा येईल. तोवर चांगला आकडा हवा असेल तर तो विकणाऱ्यांनीच पुरवला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी मोठे काही लागत नाही. दोनशे पानी वही घ्या आणि रोज एक ओळ प्रत्येक मालासाठी लिहा : तारीख, तिथी, बंदर, होडीचा व जाळ्याचा प्रकार, मासा स्थानिक नावाने, प्रत किंवा किलोमागे नग, बर्फ वजा करून निव्वळ वजन, एकूण मिळालेली रक्कम, किलोमागचा भाव, आणि लिलाव की उचलीवरची विक्री. पट्टी फेकून देऊ नका. वहीच्या त्याच पानाला टाचून ठेवा. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक मुख्य मासळीचा सर्वसाधारण दर काढून पानाच्या तळाशी लाल शाईने लिहा. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांनाही मिळाली आहे. अशा कर्जाच्या वेळी, विम्याच्या दाव्यात, किंवा वादळात माल आणि जाळी गेल्यावर नुकसान मांडताना, टाचलेल्या पट्ट्यांसह असलेल्या वहीला जे वजन येते ते तोंडी सांगण्याला येत नाही.

नोंदणीदार बंदरावर आला की त्याला टाळू नका. पुष्कळ मालकांना वाटते की खरा भाव सांगितला तर कर लागेल किंवा दुसरा मालक सावध होईल. मी इतकेच सांगेन, की त्याच्या कागदावर कमी भाव गेला तर बंदराचे एकूण मूल्य कमी दिसते, आणि जेटी, बर्फ कारखाना किंवा लिलावगृह मागताना तोच कमी आकडा तुमच्यासमोर ठेवला जातो. त्याला वही दाखवा, माशाचे स्थानिक नाव सांगा, मासा हातात धरून दाखवा, आणि बोली पाटीवर झाली असेल तर निव्वळ वजन स्वतः सांगा.

आठवी पायरी : आकडा चुकलेला दिसला तर

आधी वरच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा तपासा; बहुतेक वेळा नाव, आकार किंवा रकाना यातच उत्तर सापडते. तरीही चूक उरली तर तारीख, बाजार, जात, छापलेला दर आणि तुमच्या वहीतला दर असे चार-पाच दिवसांचे मिळून एक पत्र लिहा, पट्ट्यांच्या प्रती जोडा, आणि जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात पोच घेऊन द्या. पत्र संस्थेच्या नावाने गेले तर जास्त बरे. एका दिवसाच्या फरकावर पत्र लिहू नये, कारण एका दिवसाचा फरक कुणालाही सिद्ध करता येत नाही.

बंदराची जुनी आकडेवारी हवी असेल आणि ती सहज मिळत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात "मासळीच्या भावांची माहिती द्यावी" असे मोघम लिहू नये. अमुक बंदर, अमुक जात, अमुक महिना ते अमुक महिना, आणि त्या काळात भाव लिहिण्यासाठी वापरलेला नमुना तक्ता, असे नेमके मागावे. नमुना तक्ता हाती आला की कोणत्या रकान्यात कोणते मासे एकत्र केले आहेत ते दिसते, आणि पुढच्या महिन्यात नोंदणीदार आला की त्याच्यासमोर हाताने दुसरी ओळ कुठे आखायची, हेही ठरते.